वाटाड्याची नौका

नाशिकहून मुंबईकडे निघालेला प्रवासी महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगराकडे, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांकडे, एकवार नजर टाकतो खरा. पण तेथील दहाव्या लेण्यात, ओसरीच्या मागल्या भिंतीवर छताखाली कोरलेल्या लेखाचा नावांशी, नद्यांच्या उतारांशी आणि समुद्रकाठच्या बंदरांशी किती निकटचा संबंध आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात, दीनिकाचा पुत्र, याचा हा लेख. तीन लक्ष गाईंचे दान, देवांना व ब्राह्मणांना दिलेली गावे, घाट, विहिरी आणि तळी यांची जंत्री देता देता हा लेख मध्येच सांगतो की इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने नावा ठेवून लोकांना विनामूल्य पार उतरण्याची तजवीज केली, आणि भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे सोपारे, आणि गोवर्धन तर नाशिकच्या वेशीवरचेच गाव. सह्याद्रीच्या माथ्यावरील, समुद्राचे दर्शनही न होणाऱ्या या गावाच्या लेण्यात किनाऱ्यावरच्या नावांचा असा जमाखर्च नोंदला जावा, यात नवल नाही. घाट उतरून बंदराला जाणारा माल याच वाटेने जात होता.

नहपानाच्या मुलखातील बंदराचा कारभार कसा चाले, हे मात्र लेण्यात लिहिलेले नाही. ते दुसऱ्याच ठिकाणी सापडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमधून हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या कोणा ग्रीकभाषी दर्यावर्द्याने एक वाटपोथी लिहून ठेवली आहे, जिला आज ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखतात. ग्रंथकर्त्याने स्वतःचे नाव तीत कोठेही घातले नाही, पण कोणत्या बंदरात कोणता माल खपतो, कोठे खडक आहेत आणि कोठला राजा परदेशी जहाजांशी कसा वागतो, हे मोठ्या काटेकोरपणाने टिपले. भडोचच्या आखाताविषयी तो सांगतो की येथे आत शिरणे अवघड, एका बाजूस उथळ दांडा व दुसऱ्या बाजूस भूशिर, किनारा इतका सखल की नदीचे मुख दुरून ओळखू येत नाही, आणि भरतीचा लोंढा असा की ओहोटीत वाळूवर बसलेले नवखे जहाज पुढच्या पाण्याच्या पहिल्या तडाख्यात उलथून जावे. म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी, ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ जातीच्या मोठ्या नावांत भरपूर माणसे घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येतात, आलेल्या जहाजांना दांड्यांमधून नीट काढतात, दोर लावून ओढतात, भरती लागताच पुढे नेतात, ओहोटीभर नदीतल्या ठरलेल्या डोहांत नांगरून ठेवतात, आणि अशा टप्प्याटप्प्याने मुखापासून ३०० स्तादिया, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर, आत असलेल्या भडोचच्या धक्क्याला पोहोचवितात.

या मुलखाच्या राजाचे नाव पोथीत ‘मंबनोस’ असे येते, आणि बहुतेक विद्वान तो नहपानच मानतात. तसे असेल तर ज्याच्या जावयाने पांडवलेण्यात लेख कोरविला त्याच राजाच्या पगारावर हे वाटाडे होते. जहाज बंदरात सुखरूप आले तरच जकात मिळते, हे राज्यकर्त्याला कळले असले पाहिजे. परोपकार वेगळा आणि बंदोबस्त वेगळा, दोन्ही एकाच घराण्याच्या खात्यावर जमा आहेत. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, ज्यांतील बहुसंख्य नाण्यांवर त्याचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारून घेतला होता. त्या चांदीतला काही अंश तरी भडोचच्या धक्क्यावरून, म्हणजेच त्या कोळ्यांनी ओढून आणलेल्या जहाजांतून, वर आला असावा.

आजच्या बंदरांत याच कामाला पायलट म्हणतात, आणि पायलटला जहाजापर्यंत नेऊन सोडणाऱ्या लहान बोटीला पायलट लाँच. विमानाच्या काळात वाढलेल्या वाचकाला पायलट म्हटले की आकाशच आठवते. पण पाण्यावरचा पायलट त्याहून कितीतरी शतके जुना, आणि त्याचे काम अगदी निराळे. तो जहाजाचा कप्तान नव्हे. कप्तानाला आपले जहाज माहीत असते, पायलटला पाणी. पावसाळ्यात नदीला पूर असता गाडीवानाने कितीही देश पाहिलेला असला तरी उतार कोठे आहे हे त्या गावच्याच माणसाला विचारावे लागते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे गाडी दोन-तीनशे मीटर लांबीची, तिला थांबवायला मैलभराहून अधिक पाणी लागणारे, आणि तिच्या तळाखाली कधी कधी माणसाच्या उंचीइतकेही पाणी शिल्लक नसणारे. उथळ पाण्यात वेग वाढविला की जहाजाखालचे पाणी जोराने मागे सरते, त्याचा दाब घटतो आणि जहाज होते त्याहून अधिक खाली बसते. कालव्याच्या एका काठाला फार जवळ गेले तर मागचा भाग त्या काठाकडे ओढला जातो आणि नाळ भलतीकडे वळते. ही गणिते पुस्तकात मिळतात, परंतु कोणत्या तिथीच्या उधाणाला कोणत्या वळणावर प्रवाह किती जोराने आडवा येतो आणि गेल्या पावसाळ्यानंतर गाळ कोठे साचला आहे, हे रोज त्याच पाण्यातून ये-जा करणाऱ्यालाच ठाऊक असते. हुकूम कप्तानाचा राहतो, सल्ला पायलटचा. पण समजूतदार कप्तान सहसा त्या सल्ल्याबाहेर जात नाही.

या कामातील सर्वांत धोक्याचा क्षण जहाज चालविण्याचा नसून जहाजावर चढण्याचा आहे. बाहेरच्या पाण्यात जहाज वेग कमी करून किंचित वळते, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या अंगाला जरा शांत पाणी तयार होते. त्या अंगाने लाँच जहाजाच्या पोटाशी भिडते, तेथे दोरखंडांची पायलट शिडी खाली सोडलेली असते, आणि लाटेने बोट वर उचलली की नेमक्या त्या क्षणी पायलटने शिडी धरून पाय उचलायचा असतो. घटकेचा उशीर झाला तर बोट खाली जाते आणि पुढच्या लाटेबरोबर वर येऊन पाय चिरडू शकते. चढण नऊ मीटरांहून अधिक असेल तर नुसत्या दोरशिडीवर विसंबण्यास आंतरराष्ट्रीय नियमांची मनाई असून तिच्या जोडीला जहाजाचा तिरपा जिना लावावा लागतो. ज्येष्ठ-आषाढात, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहिली जाते, त्या दिवसांतही मोठी जहाजे येतच असतात आणि लाँचला बाहेर पडावेच लागते. रात्री ती ओळखू येते डोलकाठीवरच्या दोन दिव्यांनी, वर पांढरा आणि खाली लाल. आणि पायलट जहाजावर पोचला की जहाजावर अर्धे पांढरे व अर्धे लाल निशाण चढते.

मुंबईचे बंदर निसर्गतः सुरक्षित म्हणून ख्यात आहे, परंतु त्याच्या तोंडाशी कुलाब्याच्या टोकापासून समुद्रात घुसलेला प्राँग्सचा खडक आहे, समोर अलिबागच्या बाजूला थळचा खडक आहे, आणि मध्ये पाण्याखाली दबा धरून बसलेला सन्क रॉक आहे. म्हणूनच १८६७ साली खांदेरीवर, १८७५ साली प्राँग्सवर आणि १८८४ साली सन्क रॉकवर दीपगृहे उभी राहिली. १८७३ साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली, मग प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि अलेक्झांड्रा या गोद्या एकामागून एक बांधल्या गेल्या, आणि त्यांच्या अरुंद दारांतून जहाजे आत घेण्याचे काम पायलटांकडे आले. १९०८ च्या बंदर कायद्याने जेथे जेथे ते कलम लागू केले गेले तेथे २०० टन वा त्याहून मोठ्या जहाजाने पायलट, बंदर-अधिकारी किंवा त्याचा साहाय्यक जहाजावर असल्याशिवाय आत येऊ नये, बाहेर पडू नये किंवा जागाही बदलू नये, असा दंडक घातला. १९८९ साली त्याच खाडीच्या पलीकडच्या काठावर न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, आणि दोन्ही बंदरांची वाहतूक एकाच तोंडातून होऊ लागली. ती वाट किती अपुरी आहे याचा प्रत्यय ७ ऑगस्ट २०१० रोजी आला, जेव्हा न्हावा-शेव्याहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया ३’ यांची टक्कर होऊन कंटेनर समुद्रात वाहू लागले, तेलाचा तवंग पसरला आणि दोन्ही बंदरांची वाट काही दिवस बंद ठेवावी लागली.

नाशिककरांना या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील, तर उत्तर सोपे आहे. निफाड-दिंडोरीची द्राक्षे थंड कंटेनरांत भरून युरोपकडे रवाना होतात आणि लासलगावचा कांदा परदेशी जातो, तेव्हा त्यांची वाट बव्हंशी न्हावा-शेव्यावरूनच असते. आणि माल भरलेले प्रत्येक मोठे जहाज त्या खडकांमधून बाहेर काढणारा कोणीतरी पायलट असतो, ज्याला परत आणण्यासाठी उघड्या समुद्रात एक लहानशी लाँच ताटकळत उभी असते. बागाईतदार निर्यातीच्या परवान्याची, औषधांच्या अंशाची आणि हवामानाची चिंता करतो. या माणसाची चिंता त्याला करावी लागत नाही, हाच त्या माणसाच्या कामाचा गुण.

अशी लाँच म्हातारी झाल्यावर तिचे काय होते? बहुधा लिलाव. ती दिसायला देखणी नसते. कठडे जाड, बाजूंना रबराचे जाड पट्टे, पुढे मोकळी जागा, कारण शोभेचा तेथे काही प्रश्नच नसतो. दिवसातून कित्येकदा लोखंडी जहाजांच्या पोटाशी धडका खाणे हाच तिचा धर्म. युद्धनौकेच्या निवृत्तीला बँड वाजतो, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. पायलट लाँच एका सकाळी कामावर येत नाही, एवढेच. आणि तरीही बंदराचा खरा इतिहास, म्हणजे त्या पाण्याशी माणसाने केलेला दैनंदिन व्यवहार, पाहावयाचा झाला तर तो याच बोटीत पाहावा लागेल.

इतर काही देशांनी हे ओळखले. इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदराची पायलट-सेवा १७६६ पासूनची; तिच्यासाठी १९५३ साली बांधलेली ‘एडमंड गार्डनर’ ही नौका आज तेथील सागरी संग्रहालयाच्या ताब्यात असून कॅनिंग सुक्या गोदीत उभी आहे. ही लाँच नव्हे, चांगले मोठे जहाज होते. पायलटांनी दिवसेंदिवस तिच्यावर राहायचे, तेथेच जेवायचे व झोपायचे, आणि एखादे जहाज आले की लहान होडी सोडून त्याच्यापर्यंत जायचे. आपल्याकडे हुगळीच्या मुखाशी सँडहेड्स येथे बंगालचे पायलट अशाच नौकांवर ठाण मांडून असत, कारण ती नदी जगातल्या अत्यंत बेभरवशाच्या नद्यांपैकी एक, आणि तिच्यातल्या ‘जेम्स अँड मेरी’ या दांड्याला तर तेथे १६९४ साली बुडालेल्या जहाजाचेच नाव पडले आहे. पुढे वेगवान लाँचा आल्या, किनाऱ्यावरून थेट जहाजापर्यंत जाणे शक्य झाले, आणि समुद्रावरची ही वसतिस्थाने निरुपयोगी ठरली. ‘एडमंड गार्डनर’ १९८१ साली निवृत्त झाली, आणि पुढच्याच वर्षी संग्रहालयाने ती घेतली. २०१४ साली पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त कार्लोस क्रूझ-दिएझ या चित्रकाराने तिच्या अंगावर झगझगीत रंगांचे पट्टे ओढले, महायुद्धात शत्रूच्या नजरेला चकविण्यासाठी जहाजे रंगवीत त्या धर्तीवर. त्यामुळे पाहणाऱ्यांची गर्दी वाढली असेल. माझ्या मते मात्र ती तिच्या जुन्या साध्या रंगात अधिक शोभते.

कॅलिफोर्नियातील सान दिएगो येथे याहून लहान नमुना आहे. १९१४ साली तेथेच बांधलेली, नावानेही केवळ ‘पायलट’ असलेली लाकडी बोट १९९६ पर्यंत त्याच बंदरात चाकरी करीत होती, आणि आता तेथल्या सागरी संग्रहालयात आहे. हँबुर्गच्या ‘एल्बे ५’ ची कथा थोडी करुण आणि थोडी विनोदी म्हणावी लागेल: १८८३ साली पायलटांसाठी बांधलेले हे शिडाचे लाकडी जहाज अमेरिकेत हौशी प्रवासाची नौका म्हणून अर्धे आयुष्य काढून २००२ साली स्वगृही परतले, मोठ्या खर्चाने डागडुजी होऊन पाण्यात उतरले, आणि जून २०१९ मध्ये, ज्या नदीत त्याने इतरांना टकरींपासून वाचविले होते त्याच नदीत एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन बुडाले. ते पुन्हा वर काढून दुरुस्त करण्यात आले, हे जर्मनांच्या चिकाटीला शोभणारेच.

आपल्याकडची जुनी जहाजे टिकविणे शक्य नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर इंग्लंडमधल्याच हार्टलपूल येथे तरंगते आहे. ‘एच.एम.एस. ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानात बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी तिचे जलावतरण झाले. दोनशे वर्षांनंतरही ती पाण्यावर आहे. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागातील तेल उलट त्यांचे रक्षण करते, म्हणून मुंबईची जहाजे इंग्लंडच्या जहाजांहून दीर्घायुषी ठरत. मुंबईने बांधलेले जहाज पाहण्यासाठी आज मुंबईकराला इंग्लंडला जावे लागते, याची लाज वाटावी की अभिमान, हे मला ठरविता आलेले नाही.

आणि मग ‘विक्रांत’. हे प्रकरण विसरता येण्यासारखे नाही. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे भारतीय नौदलात दाखल झालेली, १९७१ च्या युद्धात पूर्व किनाऱ्यावर पराक्रम गाजविलेली ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, तेव्हा तिचे संग्रहालय करण्याचे ठरले, आणि काही वर्षे मुंबईच्या नागरिकांना तिच्यावर जाऊन ती पाहताही आली. पण २१३ मीटर लांबीचे पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात नुसते उभे ठेवणेही स्वस्त नसते; त्याचा तळ गंजतो, ठरावीक काळाने त्याला सुक्या गोदीत नेऊन खरवडावे व रंगवावे लागते, आणि त्याला कायमची जागा, पूल, वीज, पहारा हे सर्व लागते. राज्य सरकारने अनेक योजना आखल्या, भागीदार शोधले, पण तरतूद कोणी करीना. २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणाने ती प्रेक्षकांसाठी बंद झाली, मग लिलाव, मग न्यायालये, आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केल्यावर २०१४ च्या नोव्हेंबरात दारूखान्यात तिच्यावर घण पडू लागले. तिच्या पोलादाचा काही भाग पुढे एका मोटारसायकलीत गेला. या अपयशाचा दोष एकट्या सरकारवर टाकण्याची रीत आहे. मला वाटते, आरंभीची चूक आकाराची होती. आपण सर्वांत मोठे जहाज निवडले आणि सर्वांत लहान तरतूद केली.

लहान नौकांकडेही लक्ष वळू लागले आहे, हे चांगले चिन्ह आहे. कारवारला ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र-नौका समुद्रकिनाऱ्यावर ठेवली आहे. २०२१ साली निवृत्त झालेली ‘टी-८०’ ही जलद गस्तनौका कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ नेण्यात आली. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतल्यावर याच खाडीत स्वराज्याच्या आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली, म्हणून जागेची निवड योग्यच आहे. योगायोग असा की ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणचेही नाव आहे: पूर्वी हे खुले बंदर होते, पण लेखकाच्या काळी तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, असे तो तक्रारीच्या सुरात सांगतो. दोन राजांच्या जकातीच्या भांडणात बंदर मारले गेले, असा त्याचा सरळ अर्थ.

परंतु या सर्व युद्धनौका. मुंबईच्या धक्क्यावर, जेथे दीडशे वर्षे पायलट चढत-उतरत आले, तेथे एकही पायलट नौका जनतेने पाहावी म्हणून राखलेली नाही. वस्तुतः तिचे जतन इतरांहून सोपे आहे. दहा-पंधरा मीटरांची बोट पाण्यात ठेवण्याचेही कारण नाही; ओंडक्यांच्या घोडीवर, पत्र्याच्या ओसरीखाली, वारा खेळेल पण ऊन थेट लागणार नाही अशा जागी ती उभी करावी. ती लाकडी असेल तर एकदम सुकू देऊ नये, नाही तर फळ्या आकसून सांधे उघडतात. ती पोलादी असेल तर गंज खरवडून रंग द्यावा. शेजारी नऊ मीटरांची दोरशिडी टांगावी आणि येणाऱ्या मुलांना, योग्य तो दोर कमरेला बांधून, तिच्यावर चार पायऱ्या चढू द्यावे. पायलटच्या धंद्याविषयी दहा फलक वाचून जे कळणार नाही ते त्या चार पायऱ्यांत कळेल. खर्च म्हणाल तर एखाद्या चौकातील कारंज्याहून फारसा अधिक येऊ नये.

मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांच्या प्राधिकरणांनी पुढची लाँच सेवेतून काढताना ती लिलावात न घालता राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये खात्याच्या हवाली करावी, आणि बोट बंदरावरच राहिली तरी तिची प्रतिकृती नाशिकच्या सरकारवाड्यात, पांडवलेण्यातील उषवदाताच्या लेखाच्या ठशाशेजारी मांडावी, अशी मागणी नाशिकच्या इतिहासप्रेमी संस्थांनी व द्राक्ष-कांदा निर्यातदारांनी मिळून करावी. अर्ज लिहायचा तो लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी लिहावा.